शेतकामासाठी डोक्यावरील विजेरी : निवड आणि पारख

मुंबईला पाणी पुरविणाऱ्या भातसा धरणाच्या परिसरात भातसानगर वसले आहे. त्याच्या आसपास, तसेच शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पाड्यापाड्यांवर, रात्रीच्या वेळी शिवारात एखादा तरी दिवा हलताना दिसतो. आषाढात एका रात्रीत खाचरे तुडुंब भरतात. बांध फुटला तर नुकतीच झालेली लावणी वाहून जाते, म्हणून शेतकरी खांद्यावर फावडे टाकून भर पावसात निघतो. भाद्रपद-आश्विनात हळवी भाते निसवून पिकू लागली की रानडुकरांपासून राखण करण्यासाठी माळ्यावर रात्र काढावी लागते. उन्हाळी पिकास कालव्याच्या पाण्याची किंवा पंपाच्या विजेची पाळी रात्री आली, तर मध्यरात्री पाटावर उभे राहण्यावाचून गत्यंतर नसते. भेंडी कोवळी असतानाच आणि ऊन चढण्यापूर्वी तोडावी लागते, त्यामुळे तोडणीस येणाऱ्या स्त्रिया पहाटेच्या अंधारातच वाफ्यात उतरतात. पहिल्या पावसात ओहोळाला चढणारे मासे आणि खेकडे धरण्यास निघणारी मंडळी तर वेगळीच.

ह्या सर्व कामांत एक गोष्ट समान आहे. हातात फावडे, काठी, टोपली किंवा जाळे असते आणि दिवा धरण्यास हात मोकळा नसतो. पूर्वी चूड, पलिता व कंदील ह्यांवर भागवावे लागे. पुढे सेलवर चालणारी हातातील विजेरी आली. निळा प्रकाश देणारा एल्. ई. डी. दिवा तयार करण्यात यश आल्यानंतर त्यापासून पांढरा प्रकाश मिळविता आला, आणि ह्या शोधाबद्दल २०१४ साली आकासाकी, आमानो व नाकामुरा ह्या तिघा शास्त्रज्ञांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या शोधाचे फळ म्हणून आज मुठीएवढ्या, पट्ट्याने कपाळावर बांधता येणाऱ्या विजेऱ्या शहापूर, किन्हवली, सरळगाव येथील बाजारांत आणि म्हसा येथील पौषातील यात्रेतही सहज विकत मिळतात. त्यांचे प्रकार पुष्कळ आहेत आणि त्यांवर छापलेले आकडे त्याहून पुष्कळ आहेत. ते आकडे कसे वाचावेत आणि न वाचताही विजेरी कशी पारखावी, ह्याचे विवेचन पुढे केले आहे. खेड्यात विजेरीलाही ‘बॅटरी’ म्हणतात आणि आतील सेललाही. घोटाळा टाळण्यासाठी येथे दिव्यास विजेरी आणि आतील वीजसाठ्यास सेल म्हटले आहे.

ही निवड केवळ सोयीची बाब नाही. भारतात २००० ते २०१९ ह्या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला. हे मृत्यू बहुतांशी ग्रामीण भागात होतात आणि जून ते सप्टेंबर ह्या पावसाळी महिन्यांत त्यांचे प्रमाण वाढते. मार्च २०२४ मध्ये केंद्र शासनाने सर्पदंशाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. भाताच्या शेतात उंदीर असतात आणि उंदरांमागे साप येतात. मण्यार तर रात्रीच फिरते आणि घोणसही संध्याकाळनंतर हालचाल करू लागते. पायात गमबूट, हातात काठी आणि वाटेवर पुरेसा उजेड ही तीन साधने ज्याच्याजवळ आहेत, त्याचा धोका पुष्कळ कमी होतो. पैकी उजेडाचे साधन ऐन वेळी मंदावले किंवा पावसात बंद पडले, तर माणूस बांधाच्या मध्यावर, घरापासून दूर, अंधारात उभा राहतो. सबब विजेरीची किंमत ठरविताना ती किती लांब प्रकाश फेकते ह्यापेक्षा ती किती वेळ भरवशाने जळते, ह्यास अधिक महत्त्व द्यावे.

छापील आकड्यांचा अर्थ

डब्यावर बहुधा ‘ल्युमेन’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. दिव्यातून सर्व दिशांना मिळून जो एकूण प्रकाश बाहेर पडतो, त्याचे हे माप आहे. विहिरीतून मोटेने किती पाणी निघाले हे सांगावे, परंतु ते कोणत्या वाफ्यात गेले हे सांगू नये, तसाच हा प्रकार. तोच प्रकाश भिंगाने एका ठिकाणी गोळा केला तर लांब जातो, पसरून दिला तर जवळची जागा उजळतो. एका दिशेने जाणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेचे माप ‘कँडेला’ हे होय, आणि जमिनीवर किंवा वस्तूवर प्रत्यक्ष जो उजेड पडतो त्याचे माप ‘लक्स’.

विजेरीचा पल्ला डब्यावर मीटरमध्ये दिलेला असतो. हा पल्ला कसा ठरतो हे समजले की त्याचे दडपण राहत नाही. २००९ साली अमेरिकेत ठरलेल्या आणि आता इतरत्रही वापरल्या जाणाऱ्या एफ्. एल्. १ मानकानुसार, ज्या अंतरावर विजेरीचा उजेड पाव लक्स इतका उरतो, ते अंतर म्हणजे पल्ला. पाव लक्स म्हणजे स्थूलमानाने निरभ्र आकाशातील पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. तेव्हा ‘पल्ला १०० मीटर’ ह्याचा अर्थ १०० मीटरवर चांदण्याएवढे दिसेल, इतकाच. तेथे उंदीर व ससा ह्यांतील फरक कळेलच असे नाही. शिवाय अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाईवर येतो. म्हणून ५० मीटरचा पल्ला १०० मीटरवर न्यावयाचा तर चौपट तीव्रता लागते, आणि २०० मीटरवर न्यावयाचा तर सोळापट. ही वाढ फुकट होत नाही. एक तर सेल लवकर संपतो, नाही तर प्रकाशाचा झोत इतका अरुंद करावा लागतो की पायाखालची वाट अंधारातच राहते.

जळण्याच्या वेळेबद्दलही अशीच सावधगिरी हवी. त्याच मानकानुसार दिवा मूळ प्रकाशाच्या दहाव्या हिश्श्यावर येईपर्यंतचा सर्व वेळ ‘चालण्याचा वेळ’ म्हणून धरला जातो. त्यामुळे डब्यावर ८ तास लिहिलेली विजेरी पहिला अर्धा तास प्रखर आणि उरलेला वेळ मिणमिणती असू शकते, आणि तरीही लिहिलेले खोटे ठरत नाही. अनेक विजेऱ्या उष्णतेपासून दिव्याचे रक्षण व्हावे म्हणून काही मिनिटांनंतर आपोआप मंद होतात. ह्यात दोष नाही. परंतु दुकानातील पहिल्या दहा सेकंदांच्या लखलखाटावर भुलून विजेरी घेणे म्हणजे बैलाची पहिली उडी पाहून त्याची किंमत ठरविण्यासारखे आहे.

सेलचा हिशेब

प्रकाश कोठून तरी येतो, आणि तो सेलमधूनच येतो. हल्लीच्या बहुतेक विजेऱ्यांत लिथियम-आयन सेल असतो. त्याचा एक सर्वत्र आढळणारा आकार १८६५० ह्या नावाने ओळखला जातो. १८ म्हणजे मिलिमीटरमध्ये जाडी आणि ६५ म्हणजे लांबी. चांगल्या बनावटीच्या अशा सेलची साठवण सामान्यतः २,००० ते ३,६०० मिलिअँपिअर-तास असते आणि वजन ४५ ते ५० ग्रॅमच्या आसपास भरते. ज्यावर ९,००० किंवा १०,००० छापलेले आहे असा ह्याच आकाराचा सेल बाजारात दिसला, तर तो आकडा खोटा आहे असे निःशंक समजावे. सेल सुटा निघत असेल तर सोनाराच्या काट्यावर त्याचे वजन करून पाहावे. पस्तीस ग्रॅमहून हलका भरला, तर आत साठवण करणारा माल कमी आहे.

आता गणित पाहू. २,६०० मिलिअँपिअर-तासांचा सेल ३.७ व्होल्टने वीज देतो. म्हणजे त्यात सुमारे साडेनऊ वॉट-तास ऊर्जा असते. मधली घट वजा जाता साधारण आठ वॉट-तास दिव्यापर्यंत पोचतात. सामान्य विजेरीतील एल्. ई. डी. एका वॉटमागे १०० ल्युमेनच्या आसपास प्रकाश देतो असे धरले, तर एका सेलमधून सुमारे ८०० ‘ल्युमेन-तास’ मिळतात. ह्याचा अर्थ १०० ल्युमेन आठ तास, किंवा ४०० ल्युमेन दोन तास, किंवा ८०० ल्युमेन जेमतेम एक तास. उत्तम प्रतीच्या विजेऱ्या ह्याहून काहीशा सरस असतात, हलक्या प्रतीच्या कमी. परंतु हिशेबाचा सांगाडा बदलत नाही.

ह्याच मापाने एखादा छापील दावा तपासता येतो. डब्यावर ‘१०,००० ल्युमेन, १० तास’ असे असेल, तर तो एक लाख ल्युमेन-तासांचा दावा झाला. त्याला १२५ सेल लागतील आणि नुसत्या सेलचेच वजन साडेपाच किलोच्या पुढे जाईल. तेवढे ओझे कपाळावर घेऊन कोणी बांधावर जात नाही. एका सेलच्या विजेरीत असा दावा आढळला, तर दुकानदाराशी वाद घालण्याचे कारण नाही. विजेरी परत ठेवावी. पुढे पाच-सात दिव्यांची रांग बसविली म्हणजे प्रकाश पाच-सात पट होतो, हीही समजूत चुकीची आहे. सेल एकच असेल तर प्रत्येक दिव्याच्या वाट्यास तेवढी कमी वीज येते.

स्वस्त विजेऱ्यांत अजूनही ४ व्होल्टचे बंदिस्त शिसे-आम्ल सेल आढळतात. हे सेल जड असतात आणि साठवण कमी, पण त्यांचा मुख्य दोष वेगळाच आहे. ते रिकाम्या अवस्थेत पडून राहिले तर आतील पत्र्यांवर कडक थर बसतो आणि पुन्हा पुरते भरत नाहीत. दिवाळीनंतर माळ्यावर टाकलेली विजेरी मृगात काढली की ती ‘धरत नाही’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण बहुधा हेच असते. अशी विजेरी वापरल्याबरोबर भरावी, आणि वापरात नसली तरी दर महिन्या-दोन महिन्यांनी एकदा भरावी. दुर्गम पाड्यावर, जेथे पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस जाते, तेथे साध्या पेन्सिल-सेलवरही चालू शकेल अशी विजेरी, किंवा सुटा सेल बदलता येईल अशी विजेरी घेणे अधिक शहाणपणाचे ठरते.

किती प्रकाश पुरे होतो

माणूस बांधावरून ताशी ४ किलोमीटर वेगाने चालला तर सेकंदाला एक मीटरहून थोडे अधिक अंतर काटतो. समोर काही दिसून पाऊल थांबण्यास दोन सेकंद लागतात असे धरले, तर निदान तीन मीटर आणि सुरक्षिततेसाठी सहा मीटरपर्यंतची वाट स्वच्छ दिसली पाहिजे, तीही दोन्ही बाजूंच्या गवतासह. एवढ्या कामास ३० ते ५० ल्युमेनचा पसरट प्रकाश पुरतो. भेंडी तोडणे, पंपाची जोडणी पाहणे, बांधाचे भगदाड बुजविणे ह्यांसाठी १०० ल्युमेन पुष्कळ झाले. माळ्यावरून शेताच्या पलीकडच्या कडेस नजर टाकावयाची असेल तेव्हाच २०० ते ३०० ल्युमेन आणि एकवटलेला झोत हवा, आणि तोही एका वेळी मिनिटभर.

ह्यावरून विजेरी निवडताना पाहावयाची गोष्ट निघते : तिला मंद, मध्यम व प्रखर अशा निदान तीन पायऱ्या असाव्यात, आणि बटण दाबताच पहिल्याने प्रखर नव्हे तर मंद किंवा मध्यम प्रकाश लागावा. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय होण्यास २० ते ३० मिनिटे लागतात आणि एका प्रखर झोताने ती क्षणात मोडते. लाल प्रकाशाची सोय असल्यास माळ्यावर बसून घड्याळ पाहण्यास किंवा तंबाखूची पिशवी शोधण्यास तो उत्तम. त्याने डोळे फारसे दिपत नाहीत आणि किडेही कमी जमतात. पुढे-मागे सरकवून झोत लहान-मोठा करणारे भिंग दिसावयास आकर्षक असते. मात्र त्या सरकत्या कड्यातूनच पावसाचे पाणी आत शिरते, आणि झोत लहान केला की वाटेवर ताटाएवढा चकचकीत ठिपका व भोवताली काळोख अशी स्थिती होते.

प्रकाशाचा रंगही पाहावा. निळसर पांढरा प्रकाश अधिक तेजस्वी वाटतो, पण त्यात तपकिरी, मातकट व पिवळसर छटा एकमेकींत मिसळतात. घोणस नेमकी अशाच छटांची असते आणि पेंढ्यात किंवा सागाच्या वाळलेल्या पानांत पडून राहते. डब्यावर ‘केल्विन’ हे माप दिले असेल तर ४,००० ते ५,००० मधली विजेरी घ्यावी. ६,५०० ची शक्यतो टाळावी.

कपाळावर की कमरेला

डोक्यावरील विजेरीचा एक दोष विक्रेते सांगत नाहीत आणि वापरणाऱ्यांच्याही सहसा लक्षात येत नाही. दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असल्यामुळे प्रत्येक वस्तूची सावली नेमकी त्या वस्तूच्या मागे पडते आणि डोळ्यास दिसत नाही. सावली दिसली नाही की उंचसखलपणा कळत नाही. खड्डा, ढेकूळ आणि वेटोळे घालून पडलेला साप ही सर्व एकाच सपाट चित्राचा भाग वाटतात. तोच दिवा कमरेशी किंवा गुडघ्याच्या उंचीवर धरला, तर लहानशा खड्यालाही लांब सावली पडते आणि वाटेवरील प्रत्येक वस्तू उठून दिसते. पाऊस आणि धुक्यातही असाच अनुभव येतो. कपाळावरील दिव्याने डोळ्यांसमोरचे थेंब उजळून पांढरा पडदा उभा राहतो. माळशेजच्या पायथ्याशी श्रावणातील धुक्यात ज्यांनी वाट शोधली आहे, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. दिवा खाली आणला की पडदा विरतो.

यास्तव चालताना विजेरी कमरेच्या पट्ट्याला अडकवावी किंवा हातात खाली धरावी, आणि मुक्कामी पोचून दोन्ही हातांनी काम सुरू केले की कपाळावर चढवावी. विजेरी घेतानाच तिचा दिवा पट्ट्यापासून सुटा होतो किंवा नाही आणि खाली-वर वळतो किंवा नाही, हे पाहून घ्यावे. वळणारी कडी ढिली असेल तर चालताना दिवा मान टाकतो. त्यासाठी विजेरी डोक्यावर बांधून दुकानातच दहा वेळा वाकून उठावे; दुकानदार हसेल, हसू द्यावे.

गावात करावयाच्या चाचण्या

गावपातळीवर काम करणाऱ्या कृषी कर्मचाऱ्यांनी, पाचसहा शेतकऱ्यांना आपापल्या विजेऱ्या घेऊन अमावास्येच्या आसपास एका रात्री खळ्यावर जमवावे. ह्यास पैसा लागत नाही.

पहिली चाचणी दोरीची. वेदान्तात दोरीलाच साप समजल्याचा दृष्टांत प्रसिद्ध आहे. येथे मुद्दामच दोरीला साप मानावयाचे. काथ्याचा जुनाट, मळका, हातभर लांबीचा दोर एका व्यक्तीने इतरांच्या नकळत बांधावरील पेंढ्यात किंवा पाचोळ्यात टाकावा. प्रत्येकाने आपल्या विजेरीच्या मध्यम प्रकाशात नेहमीच्या चालीने यावे आणि दोर दिसताच थांबावे. किती पावलांवर थांबला ते मोजावे. हीच चाचणी एकदा दिवा कपाळावर ठेवून आणि एकदा कमरेला लावून करावी. दोन्ही वेळच्या अंतरातील फरक पाहिल्यावर मागील प्रकरणातील विवेचन वेगळे पटवून द्यावे लागत नाही. दोर चार पावलांच्या आत आल्यावरच दिसत असेल, तर त्या विजेरीवर रात्रीच्या वाटेचा भरवसा ठेवू नये.

दुसरी चाचणी वेळेची. सर्व विजेऱ्या पुरत्या भरून एका भिंतीसमोर तीन मीटरवर ओळीने ठेवाव्यात आणि भिंतीला वर्तमानपत्र चिकटवावे. एक मिनिट, दहा मिनिटे, अर्धा तास, एक तास आणि पुढे दर तासाला कोणता दिवा किती मंदावला, हे वहीत टिपावे. काही विजेऱ्या हळूहळू मंदावतात. काही शेवटपर्यंत सारख्या जळून एकाएकी विझतात. दुसऱ्या प्रकारची विजेरी अधिक चांगल्या बनावटीची असते, पण तिच्या मालकाने जवळ दुसरा दिवा ठेवणे अगत्याचे आहे, कारण ती पूर्वसूचना देत नाही.

ज्यांच्याजवळ उजेड मोजण्याची सोय असलेला मोबाईल फोन आहे, त्यांना पल्लाही काढता येईल. अंधारात विजेरीपासून बरोबर ५ मीटरवर फोन धरून झोताच्या मध्यभागी किती लक्स दिसतात ते पाहावे आणि त्या आकड्यास २५ ने गुणावे, म्हणजे कँडेला मिळतात. त्या संख्येचे वर्गमूळ काढून दुप्पट केली की मीटरमध्ये पल्ला निघतो. उदाहरणार्थ, ४० लक्स आले तर १,००० कँडेला, वर्गमूळ सुमारे ३२ आणि पल्ला ६३ मीटरच्या आसपास. फोनचे माप तंतोतंत नसते. परंतु दोन विजेऱ्यांची तुलना करण्यास आणि डब्यावरील ५०० मीटर व प्रत्यक्षातील ६३ मीटर ह्यांतील अंतर दाखविण्यास ते पुरेसे आहे.

पाण्याची चाचणी सर्वांत शेवटी करावी, कारण तीत विजेरी बिघडू शकते. डब्यावरील ‘आय्. पी.’ ह्या अक्षरांपुढील दुसरा आकडा पाण्याबद्दलचा असतो : ४ असेल तर चहूकडून उडणारे पाणी सोसते, ७ असेल तर एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास पडली तरी चालते. कोकणपट्टीच्या पावसात ४ हे किमान समजावे. लावणीच्या चिखलात विजेरी पडण्याचा संभव असल्याने ७ असल्यास उत्तम. असा आकडाच छापलेला नसेल, तर विकत घेण्यापूर्वी दुकानदाराची संमती काढून रोपांना पाणी घालण्याच्या झारीने दहा मिनिटे पाणी सोडावे, नंतर उघडून आत ओल आली काय ते पाहावे. संमती मिळाली नाही, तर त्यातूनही उत्तर मिळतेच.

अंधारात चमकणारे डोळे

कपाळावरील दिव्याचा एक गुण मात्र हातातील दिव्यात नाही. बिबट्या, भेकर, गुरे, मांजर ह्यांच्या डोळ्यांच्या मागच्या बाजूस चकाकणारा पडदा असतो. डोळ्यांच्या रेषेतून गेलेला प्रकाश त्यावरून थेट परत येतो आणि जनावर दिसण्यापूर्वी त्याचे डोळे दिसतात. तानसा अभयारण्यालगतच्या शिवारांत ह्याचा उपयोग आहे. दोन ठिपके जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर स्थिर दिसले, तर पुढे जाऊ नये, पळूही नये. तोंड तिकडेच ठेवून, मोठ्याने बोलत, हळूहळू मागे यावे. गवतात जे बारीक हिरवट कण लुकलुकतात, ते बहुधा कोळ्यांचे डोळे असतात. परंतु रानडुकराच्या डोळ्यांत असा पडदा नसतो आणि सापाच्याही नसतो. सबब काही चमकले नाही म्हणून शेतात डुक्कर नाही, किंवा बांधावर साप नाही, असा निष्कर्ष काढू नये. विंचवाची गोष्ट वेगळी : तो जांभळ्या, अतिनील किरणांखाली हिरवट निळा चमकतो. काही विजेऱ्यांत असा जांभळा दिवा असतो. सरपणाचा ढीग किंवा कौले उपसण्यापूर्वी तो फिरवून पाहावा.

रात्री पिकाची पाहणी करण्यासही ही विजेरी उपयोगी पडते, आणि ह्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. भातावरील लष्करी अळी दिवसा चुडांच्या बुंध्याशी किंवा ढेकळांखाली दडते आणि अंधार पडल्यावर वर चढून पाने खाते, लोंब्या कुरतडते. दुपारच्या पाहणीत तिची संख्या कमी भरते आणि उपाय लांबणीवर पडतो. भात पिकण्याच्या सुमारास रात्री आठ-नऊच्या दरम्यान शेताच्या पाच ठिकाणी प्रत्येकी काही चुडे तपासल्यास खरी स्थिती कळते. बांधाला भोके पाडणारे खेकडेही त्याच वेळी बाहेर असतात. प्रखर पांढऱ्या प्रकाशाकडे खोडकिड्याचे पतंग झेपावतात; दिवा कपाळावर असेल तर ते नाकातोंडाशी येतात, म्हणून पाहणी करताना मध्यम प्रकाश वापरावा. अशा विजेरीने सापळ्याचे काम मात्र होत नाही. प्रकाश-सापळा हा स्वतंत्रच लावावा लागतो. तसेच प्रखर झोताने जनावर दिपवून मारणे ही शिकार होय आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, ह्याची राखणदारांनी जाणीव ठेवावी.

खरेदी आणि निगा

वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता, किंमत आणि महिना-वर्ष छापलेले असावे. लिथियम सेलवर भारतीय मानक आय्. एस्. १६०४६ चा उल्लेख व नोंदणीचे चिन्ह पाहावे. पावती घ्यावी, मग ती यात्रेतील दुकानाची का असेना.

लिथियम सेल फुगला, त्यास भोक पडले किंवा तो भरताना हाताला चटका बसण्याइतका तापला, तर पुन्हा वापरू नये. विजेरी अंथरुणावर, पेंढ्याजवळ किंवा रॉकेलच्या डब्याशेजारी ठेवून भरू नये. भरून झाल्यावर काढून ठेवावी. सुटा सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर टाकल्यास दोन टोके जोडली जाऊन आग लागू शकते. निकामी सेल चुलीत किंवा उकिरड्यात न टाकता दुकानदाराकडे अथवा ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावा. पावसातून आल्यावर विजेरी पुसून, शक्य तर उघडून, सावलीत वाळवावी. चुलीच्या धगीवर वाळवू नये. पट्टा घामाने व चिखलाने लवकर सैल पडतो, तो साध्या पाण्याने धुवावा.

भरलेली विजेरी घरात एका ठरलेल्या खुंटीवर, झोपणाऱ्याच्या हाताला लागेल अशी टांगलेली असावी, आणि ती कोठे आहे हे घरातील मुलांनाही ठाऊक असावे. मण्यार घरात शिरून जमिनीवर झोपलेल्यास चावते. तिच्या दंशाची जागा सहसा दुखत नाही की सुजत नाही, त्यामुळे मुंगी चावली असे समजून माणूस पुन्हा झोपी जातो. खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपावे आणि रात्री उठताना पाय खाली टाकण्यापूर्वी दिवा लावावा. दंशाचा संशय जरी आला तरी कापणे, चोखणे, करकचून दोरी बांधणे ह्यांत वेळ न दवडता, दंश झालेला अवयव न हलविता रोग्यास निजवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि शहापूर किंवा मुरबाड येथील शासकीय रुग्णालय, जे जवळ असेल तेथे न्यावे. रुग्णवाहिका पाड्यापर्यंत येऊ शकत नसेल, तर दोघांनी विजेऱ्या घेऊन सडकेवर उभे राहावे. एकाने झोत जमिनीकडे ठेवून वाट दाखवावी आणि दुसऱ्याने रुग्ण आणणाऱ्यांच्या पुढे चालावे.